बराखीतला कांदा आणि कार्डातला फोटो



मागच्या आठवड्यात 2020 च्या उन्हाळ्यातले टोमॅटोचे फोटो इथं टाकले होते. ते बघून बऱ्याच जणांनी विचारलं, एवढे जुने फोटो, तेही तारखेसकट, तुमच्याकडं राहिले कसे? एक जण म्हणाला, "दादा, माझे तर मागच्या हंगामातलेसुद्धा सापडत नाहीत." म्हणून आज पिकाऐवजी फोटोंच्या साठवणुकीवर लिहितो. विषय कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात पैसा कमी लागतो आणि गेलेलं परत येत नाही.

आधी त्या 2020 चं सांगतो, म्हणजे जपायचं कशासाठी ते ध्यानात येईल. मे महिना, लॉकडाऊन चालू. आपल्या जुन्नरात, तिकडं संगमनेर-अकोल्यात टोमॅटोचं फळ एकसारखं रंगेना. कुठं पिवळा पट्टा, कुठं हिरवा, कुठं लाल. कापलं तर आत कडक आणि काळपट. लोकांनी नाव ठेवलं तिरंगा. कुणी बियाण्यावर बोट ठेवलं, कुणी औषधावर, वर अफवाही उठल्या. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसचं नाव पुढं आलं. हा रोग मावा पसरवतो.

मी लागवडीपासून बारा झाडांचे फोटो दर चौथ्या दिवशी काढत होतो. बांबूवर नंबर टाकलेले, रोज तीच झाडं, तोच कोपरा. नंतर ते ओळीनं लावून बघितले तेव्हा दिसलं, की पहिली खूण काकडीच्या तुकड्याला लागून असलेल्या सरीत आली आणि मधल्या सरीला यायला अकरा दिवस लागले. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की रोग सगळ्या रानात एकदमच आला. आठवण असं सांगते, फोटो वेगळं सांगतो. तेव्हापासून टोमॅटोशेजारी काकडीवर्गीय पीक घेत नाही आणि कडेनं मक्याच्या दोन ओळी लावतो. एका रानावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे कृषीवाले मित्र सांगतील आणि ते खरंच आहे. पण माझ्या रानापुरता निर्णय त्या फोटोंनी घेतला. परवा एका कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यानं तेच मूळ फोटो मागितले आणि एका संध्याकाळी ते त्याला देता आले.

आता दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या भावकीतला एक भाऊ वारला. द्राक्षाचा माणूस. बाग लावल्यापासून प्रत्येक छाटणीचे फोटो काढायचा. कुठल्या काडीवर किती डोळे ठेवले, घड किती निघाले, सगळं. ते एका मेमरी कार्डात, कार्ड डबीत, डबी कपाटात. वर्षभरानं वहिनी ते कार्ड घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यात त्यांची बाग आहे. पोराला छाटणी शिकायचीय, जरा काढून द्या." कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर पडद्यावर एकच ओळ, हे कार्ड फॉरमॅट करायचं का? आम्ही 'नाही' दाबलं. गेलेला डेटा काढून देणाऱ्या माणसाकडं पाठवलं. काही डझन फोटो निघाले, त्यातले निम्मे अर्धे करडे. बाकी राहिलं ते त्यानं आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं, बारीक, झूम केलं की फुटणारं.

त्या माणसानं निष्काळजीपणा केला नव्हता. कार्ड त्यानं सोन्यासारखं जपलं होतं. कार्ड जपलं म्हणजे फोटो जपले, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. तसं का होत नाही ते समजून घेऊ.

मेमरी कार्डात फिरणारं काही नसतं. अब्जावधी बारीक कप्पे असतात. एक कप्पा म्हणजे एक शेततळं समजा, त्यात पाण्याऐवजी विजेचा भार कोंडलेला. सुरुवातीच्या कार्डांत तळं भरलंय की रिकामं, एवढंच बघायचं होतं. कमी जागेत जास्त मावावं म्हणून आता एकाच तळ्यात आठ किंवा सोळा पातळ्या मोजतात. तळं भरलेलं की रिकामं एवढंच ओळखायचं असेल तर हातभर पाणी झिरपलं तरी चालतं. पण सोळा खुणा असतील तर दोन बोटं पाणी उतरलं तरी आकडा चुकतो.

आणि झिरपणं थांबत नाही. शेततळ्याचा कागद जुना झाला की पाझर वाढतो, तसं कार्डावर जितक्यांदा पुसून पुन्हा लिहाल तितका कप्प्याचा कागद झिजतो. उष्णतेनं पाझर आणखी वाढतो. पत्र्याच्या शेडात, गाडीच्या डॅशबोर्डवर, पंपाच्या पेटीत ठेवलेलं कार्ड घरातल्या थंड कपाटातल्या कार्डापेक्षा लवकर जातं.

कार्डात एक छोटा मुकादमही असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. एखादा आकडा चुकला तर तो हिशेब लावून दुरुस्त करतो आणि आपल्याला कळूही देत नाही. म्हणून कार्ड आतून खराब होत असतं आणि वरून ठणठणीत दिसतं. चुका त्याच्या हाताबाहेर गेल्या की फोटो करडा पडतो. मुकादमच मेला तर कप्पे शाबूत असूनही सगळं कार्ड गप्प. झाडासारखी आधी पानं पिवळी पडत नाहीत, सरळ झाड वाळलेलं दिसतं.

कंपन्या नव्या कार्डाचं साधारण दहा वर्षांचं आयुष्य सांगतात. ते नव्या आणि कमी वापरलेल्या कार्डाचं. मळ्यात बिबट्यासाठी किंवा मोटार चोरी होऊ नये म्हणून कॅमेरा लावतो, त्यातलं कार्ड रात्रंदिवस पुसलं आणि लिहिलं जातं. ते कार्ड काढून त्यात लग्नाचे नाहीतर पिकाचे फोटो ठेवू नका. त्याचं आयुष्य कॅमेऱ्यानं आधीच खाल्लेलं असतं.

आपल्याकडं कांदा बराखीत भरतो. बराखी चांगली म्हणून कांदा टिकतो असं कुणी म्हणत नाही. हवा खेळते का बघतो, वास आला की उकरतो, सडलेला निवडून बाहेर काढतो. बियाणंही तसंच. कणगीत दहा वर्षं ठेवलं तर उगवणार नाही, ठरावीक वर्षांनी रानात टाकून नवं धरावं लागतं. फोटोचं तेच आहे. कार्ड ही रानातून घरी माल आणायची पाटी. पाटी घरी आली की रिकामी करायची.

मी काय करतो ते क्रमानं सांगतो. मी दहावी शिकलेला माणूस आहे, मला जमतं म्हणजे कुणालाही जमेल.

1. दर पौर्णिमेच्या आसपास मोबाईल आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुतण्याच्या कॉम्प्युटरवर उतरवतो. उतरवून झाल्यावर दोन्हीकडची फोटोंची संख्या जुळवतो. पहिला, मधला, शेवटचा फोटो उघडून बघतो. मगच कार्ड रिकामं करतो.

2. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख. '2020-05-04 टोमॅटो वरचा तुकडा फळावर पट्टे' असं. वर्ष आधी टाकलं की सगळं आपोआप ओळीत लागतं. नुसतं 'टोमॅटो नवीन' असं नाव दिलं तर पुढच्या वर्षी ते जुनं होतं.

3. दोन हार्ड डिस्क घेतल्यात. एक घरी, एक बहिणीच्या घरी मंचरला. दिवाळीत आणि अक्षय्य तृतीयेला जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करतो. दोन्ही एकाच वेळी एका घरात रात्रभर राहत नाहीत.

4. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क लावून तपासतो. दर पाच-सहा वर्षांनी डिस्क चालू असतानाच नवीन घेऊन सगळं तिच्यावर उतरवतो. बंद पडायची वाट बघत नाही.

5. हंगामातले दहा-बारा महत्त्वाचे फोटो स्टुडिओतून कागदावर काढून वहीत चिकटवतो, शेजारी फवारणी आणि खताची नोंद. कागदाला चार्जर लागत नाही.

हिशेब काढला तर हंगामात माझे चारेकशे फोटो होतात. फोटो साधारण चार एमबीचा धरला तर दीड-पावणेदोन जीबी. बारा वर्षांचे वीस जीबीच्या आसपास. दोन-तीन फवारण्यांच्या खर्चात येणाऱ्या डिस्कमध्ये आपली उभी हयात मावते.

पुतण्या आणखी एक करतो. प्रत्येक फाईलचा चेकसम काढून ठेवतो. मला आधी कळलं नव्हतं, पण हे आपल्या वजनकाट्याच्या पावतीसारखं आहे. गाडी निघताना वजन, पोचल्यावर वजन, दोन्ही जुळलं तर वाटेत माल सांडला नाही. फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. प्रयोगाच्या प्लॉटची आकडेवारी ठेवणाऱ्या कृषी सहायकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे जरूर शिकावं.

आता तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, गुगलवर आहे, मग हा खटाटोप कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून बारीक होतो आणि त्याच्या पोटातली काढल्याची तारीख, ठिकाण निघून जातं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसा आहे तसा जातो. गुगलवर 15 जीबीपर्यंत फुकट जागा आहे, पण 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच मोजतात आणि मेलही. दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते काढून टाकायचा नियमही आहे. माणूस गेला, मोबाईल बंद झाला, पासवर्ड कुणाला माहीत नाही, तर दोन वर्षं कशी जातात कळतही नाही. गुगल वापरा, मीही वापरतो, पण तिसरी प्रत म्हणून.

दुसरी प्रत दुसऱ्या गावात का, हे आपल्या आंबेगावकरांना वेगळं सांगायला नको. 30 जुलै 2014 ला सकाळी माळीणवर डोंगर आला. 151 माणसं गेली. माणसांपुढं कागदाची आणि फोटोची काय किंमत, पण जे मागं राहिले त्यांच्याजवळ गेलेल्यांचा फोटो असणं ही लहान गोष्ट नाही. घरात होतं ते घराबरोबर गेलं. जे दुसऱ्या गावात, पाहुण्यांच्या घरात होतं तेवढंच राहू शकलं. कार्ड कितीही भारी घ्या, एका छपराखाली सगळ्या प्रती ठेवल्या तर ती एकच प्रत.

बियाण्याच्या जगात हे तत्त्व जुनं आहे. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेची बियाणे बँक होती, गहू, हरभरा, मसूर यांचे हजारो वाण. तिथं युद्ध पेटलं आणि ती बँक हाताबाहेर गेली. पण त्या बियाण्याची दुसरी प्रत नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये बर्फाळ डोंगरात ठेवलेली होती. 2015 मध्ये तिथून बियाणं काढून दुसऱ्या देशांत पेरलं, वाढवलं आणि 2017 मध्ये नवं बी परत तिथंच ठेवायला दिलं. दुसरी प्रत नसती तर पिढ्यांचं निवडलेलं बी संपलं असतं.

मूळ फोटो का ठेवायचा, यासाठी खोडदला बघा. आपल्या खोडदची दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्या दुर्बिणीनं 2010 ते 2012 या काळात आकाशाचं एक मोठं सर्वेक्षण केलं. त्याच्या मूळ नोंदी जशाच्या तशा राखून ठेवल्या होत्या. पुढं शास्त्रज्ञांच्या वेगळ्या गटानं त्याच जुन्या नोंदी नव्या पद्धतीनं पुन्हा तपासल्या आणि आकाशाच्या नव्वद टक्के भागाचा नकाशा तयार केला, त्यात सहा लाखांवर रेडिओ स्रोत. दुर्बीण पुन्हा फिरवावी लागली नाही. मूळ नोंदी टाकून नुसती चित्रं ठेवली असती तर हे झालं नसतं.

आपल्या पानावरच्या डागाचंही तेच. आज मला त्या फोटोत फक्त करपा दिसतो. दहा वर्षांनी एखादा जाणकार किंवा कॉम्प्युटर त्यातच दुसरं काही बघेल. पण त्याला मूळ मोठा फोटो पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपनं दाबलेला नको. तोपर्यंत ते रान बदललेलं असेल, वाण बदललेला असेल. ते झाड परत उभं करता येणार नाही.

आणि नुसता फोटो टिकून भागत नाही, तो वाचणारा पाहिजे. नाणेघाटात जकातीच्या रांजणापासून जवळच लेणं आहे. भिंतीवर सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, नाणी, सगळे आकडे कोरलेले. दगडानं सगळं सांभाळलं. पण मधली कितीतरी शतकं तो लेख डोळ्यांपुढं असून वाचता येणारं कुणी नव्हतं. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, त्यानंतर तो बोलायला लागला.

आपल्या फोटोची लिपी म्हणजे त्याच्याबरोबरची माहिती. कुठलं रान, कुठला वाण, लागवडीला किती दिवस झाले, आधी काय फवारलं. ती नसेल तर दहा हजार फोटो असूनही ते मुके. म्हणून मी पोराची जुनी पाटी रानात नेतो. तारीख, तुकडा, वाण, लागवडीचा दिवस खडूनं लिहितो आणि पहिला फोटो पाटीचा काढतो. मातीच्या तपासणीचा अहवाल, पाण्याचा अहवाल आला की त्याचाही फोटो त्याच फोल्डरमध्ये. फाईल साध्या जेपीजी आणि पीडीएफमध्ये ठेवतो, जी कुठल्याही मशीनवर उघडते. एखाद्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच उघडणारी नोंद असेल तर तिचीही पीडीएफ काढून घ्या. अ‍ॅप बंद झालं की नोंदही बंद.

कार्ड बिघडलंच तर काय करायचं, तेही सांगतो. त्यावर नवीन काही लिहू नका. फॉरमॅट विचारलं तर 'नाही' म्हणा. कॅमेऱ्याचं मोठं कार्ड असेल तर त्याच्या कडेला बारीक कुलपाची पट्टी असते, ती सरकवा, म्हणजे चुकून लिहिलं जाणार नाही. चुकून पुसलेले फोटो त्यावर दुसरं काही लिहिलं नसेल तर बऱ्याचदा परत मिळतात. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, गावातला कॉम्प्युटर जाणणारा पोरगा चालवू शकेल. मात्र कार्ड दिसतच नसेल तर घरी झटापट करू नका. आणि बाजारात स्वस्तातलं मोठं कार्ड बघून भुलू नका. आत लहान आणि वर मोठा आकडा छापलेली नकली कार्डं असतात. ती भरेपर्यंत नीट चालतात, पुढचे फोटो कुठंच जात नाहीत. नवं कार्ड घेतलं की आधी काठोकाठ भरून बघा, सगळं उघडतं का तपासा, मग रानात न्या.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. डिस्क कुठं आहे, पासवर्ड काय, कुठल्या फोल्डरात काय, हे घरात आणखी एका माणसाला माहीत पाहिजे. माझ्याकडं वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं आहे आणि वही कुठं असते ते मुलीला आणि तिच्या आईला माहीत आहे. सातबारा कुठं ठेवलाय हे आपण घरात सांगतो ना, तसंच हे.

वहिनींच्या पोरानं यंदा छाटणी शेजारच्या गावातल्या एका अनुभवी बागायतदाराकडून शिकून घेतली. बाग चांगली आहे. पण बापानं प्रत्येक वेलीचं काय केलं होतं ते त्याला कळायला मार्ग नाही. आता तो स्वतः फोटो काढतो. डिस्कची दुसरी प्रत आमच्याकडं असते, त्याच्या डबीवर त्याचं नाव लिहून ठेवलंय.

तुमच्या कपाटात, पर्सच्या कप्प्यात, जुन्या मोबाईलमध्ये एखादं तरी कार्ड पडलेलं असेल. या रविवारी ते बाहेर काढा, उघडतंय तोवर दोन ठिकाणी उतरवून घ्या. कुणाला अडलं तर विचारा, मला जेवढं येतं तेवढं सांगीन, बाकीचं पुतण्याला विचारून सांगीन.